विहिरीपर्यंतच्या वाटा

सर, तुम्ही गेल्यानंतरही तुमच्या नावानं तीन पोस्टकार्डं आली. तुमच्या घरी काकूंनी ती मला दिली. एकावर लिहिलंय, 'मास्तर, कॅनॉलचं आवर्तन सुटून आठ दिवस झाले, आमच्या इहिरीला काय फरक न्हाय. येत्या रविवारी परत मोजतो.' तुम्ही गेलात हे त्या माणसाला माहीत नाही, आणि मीही त्याला अजून कळवलेलं नाही. आधी त्याची नोंद घातली आणि मग रडत बसले. तुम्ही असता तर हाच क्रम बरोबर आहे म्हणाला असता.

आमच्या बारामतीच्या कॉम्प्युटर संस्थेच्या दारात तुम्ही पहिल्यांदा उभे राहिलात ते आठवतंय. मी वर्ग घेत होते. खांद्याला कापडी पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. "मी घोडके. इंदापूरला भूगोल शिकवायचो, आता रिटायर झालोय. इथं इंटरनेट आहे असं ऐकलं."

"आहे. पण लागेलच असं नाही," मी म्हणाले.

त्या दिवशी लागलं. मॉडेमचा तो चिरका आवाज तुम्ही कान देऊन ऐकलात आणि संपल्यावर विचारलंत, "हा आवाज नेमका कशाचा?" मला सांगता आलं नाही. मग पडद्यावर कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचं पान उघडलं, तर तुमचा दुसरा प्रश्न तयार. "आत कसं जायचं ते नंतर सांगा. बाहेर कसं यायचं?" मी मागं जायचं बटण दाखवलं. तुम्ही माउस हातात घेऊन दहा वेळा आत गेलात आणि दहा वेळा बाहेर आलात. "म्हणजे चुकलं तरी चालतं?"

"चालतं."

"शाळेत हे असायला पाहिजे होतं," असं म्हणून तुम्ही पिशवी टेबलावर रिकामी केलीत. पोस्टकार्डंच पोस्टकार्डं. प्रत्येकावर एका विहिरीचं नाव, तारीख, आणि काठापासून पाणी किती फुटांवर.

तुमचा प्रश्न ऐकायला साधा होता. कॅनॉलला पाणी सुटलं की लांबच्या विहिरींना त्याचा पाझर किती दिवसांनी पोचतो? सगळेच म्हणतात पोचतो. पण कुठल्या विहिरीला, किती दिवसांनी, आणि कुठल्या विहिरीला कधीच नाही, हे कुणी मोजलेलं नव्हतं. सरकारी ऑफिसं मोजणार त्या त्यांच्या ठरलेल्या विहिरी. तुम्हाला सगळ्यांच्या विहिरी हव्या होत्या, आणि त्या ज्याच्या त्यानंच मोजायला हव्या होत्या. गाठी मारलेली दोरी, खाली एक लोखंडी नट, आणि दर रविवारी पाच मिनिटं. तुम्ही म्हणालात, "कार्डं येतात ती माझ्या घरात पडून राहतात. कोऱ्हाळ्याच्या माणसाला डाळजच्या माणसाचं पाणी दिसत नाही. ते इथं, इंटरनेटवर दिसलं पाहिजे."

"पण सर, गावात कॉम्प्युटर कुठं आहेत?"

"आज नाहीत. येतील तेव्हा वाटा तयार पाहिजेत."

वेबसाइट बनवायच्या माझ्याकडच्या जाडजूड पुस्तकात अशा वाटांना नॅव्हिगेशन म्हटलं होतं. तुम्ही तो शब्द एकदा मोठ्यानं वाचलात आणि म्हणालात, "आपण वाटाच म्हणू."

मी चार दिवसांत वाटा आखल्या. तालुका, मग गाव, मग गट नंबर, मग विहीर. मला फार अभिमान वाटत होता. तुम्ही कागद उलटसुलट करून बघितलात. "सुजाता, ही तलाठ्याकडं जायची वाट झाली. लोक तिकडं काम पडलं तरच जातात."

मी चिडले. चिडायला आणखी एक कारण होतं. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उमटतील याची खात्री नाही म्हणून मी प्रत्येक शब्दाचं चित्र करून पानावर चिकटवत होते. तुम्ही 'पाणी पातळी'चं 'पाणी किती खाली' करायला सांगितलंत की माझा एक तास जायचा. तुम्ही रोज तीन शब्द बदलायचात. शेवटी मी म्हटलं, आधी कागदावर ठरवा, मग मी पडद्याला हात लावते.

त्यातनंच ते एसटी स्टँडचं निघालं. वेबसाइटचं एकेक पान एकेका कोऱ्या कागदावर काढायचं, स्टँडच्या बाकावर बसायचं, शेजारच्या माणसापुढं पहिलं पान धरायचं आणि सांगायचं, तुमची विहीर शोधा. त्यानं जिथं बोट ठेवलं त्याप्रमाणे पुढचा कागद. कुठं बोट अडलं ते आपण लिहून घ्यायचं. मला लाज वाटत होती. तुम्हाला तर बारामतीच्या स्टँडवर निम्म्या कंडक्टरांची नावं पाठ होती.

पहिल्याच दिवशी पिंपळीच्या हिराबाई भेटल्या. मांडीवर भाजीची पिशवी, गाडीला अर्धा तास वेळ. मी गट नंबरचा कागद पुढं केला.

"तुमची विहीर शोधा बरं, मावशी."

त्यांनी आधी कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "माझी इहीर मी कशाला शोधू? ती काय हरवलीया व्हय? हाय तितंच हाय."

तुम्ही इतके हसलात की बाक हलला. मग एकदम वही उघडलीत. तुम्ही अशी वही उघडलीत की काहीतरी सापडलंय हे नंतर नंतर मला कळायला लागलं. "बरं, हिराबाई, पाहुणा येणार असंल आन् त्याला थेट इहिरीवर बोलवायचं असंल, तर कसं सांगता?"

"सांगायचं काय त्यात? कॅनॉलच्या पुलावर उतर म्हनायचं. कॅनॉलच्या खालच्या अंगाला ये. चिंचंपासनं डाव्या हाताला."

दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. कुणी तालुक्यापासून सुरुवात केली नाही. कुणी गट नंबर सांगितला नाही. सगळे कॅनॉलपासून निघाले. कॅनॉलच्या वर की खाली, मग पूल कुठला, मग झाड नाहीतर वस्ती. तुम्ही उभेच राहिलात. "अगं, आपला प्रश्नच तो आहे! कॅनॉलपासून विहीर किती लांब, आणि वरच्या अंगाला की खालच्या. आपण शोधत होतो ते लोकांच्या बोलण्यातच होतं. आपण त्यावर गट नंबर घालून बसलो होतो."

त्या संध्याकाळी मी सगळं मोडलं. पहिल्या पानावर एकच निळी रेघ काढली, कॅनॉलची. रेघेच्या वर एक बटण, खाली एक बटण. डाळजकडच्या लोकांना कॅनॉल नाही, उजनी धरणाचं पाणी आहे, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वाट केली: पाण्याकडं की हायवेकडं. त्याआधी मी कॉम्प्युटर शिकवत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा उपयोग दिसला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आणि मग ते कार्ड.

काही लोकांना विहीर नावानं शोधायची सवय, म्हणून नावांची दुसरी वाट करायची असं तुम्ही ठरवलंत. पोस्टकार्डांवरची नावं एकेका कार्डावर उतरवून टेबलावर मांडलीत. देवळाची विहीर, पाटलांची विहीर, बारव, जोडविहीर. मी गावाप्रमाणे गठ्ठे लावत होते. माझ्या आजोळच्या गठ्ठ्यात एक कार्ड निघालं. गावाचं नाव इथं लिहीत नाही, अशी नावं एकाच गावात नसतात. तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'महारविहीर'.

मी कार्ड पालथं केलं.

तुम्ही बघितलंत. "कुणीतरी तसं लिहून पाठवलंय. मी फक्त उतरवलं."

"हे नाव पानावर येणार नाही, सर."

"माझं ऐक. आपण नाव ठेवत नाही, शोधायची सोय करतोय. लोक त्याच नावानं शोधणार."

"लोक म्हणजे कोण, सर?"

तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. मी पर्स उचलली आणि वर्गात निघून गेले. त्या विहिरीचं पाणी पिऊन माझी आई मोठी झाली. माझ्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तो त्या नावातनं बाहेर पडायला, आणि मी माझ्या हातानं त्या नावाचं चित्र करून जगभर दिसेल असं लावणार होते. दोन आठवडे मी तुमच्याशी कामापुरतंही बोलले नाही. खरं सांगू? मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला? इतके दिवस प्रत्येक शब्दावर अडणारा माणूस त्या एका शब्दावर अडला नाही, ह्याचा.

मग एका दुपारी तुम्ही इंदापूरच्या गाडीनं आलात. माफी नाही, काही नाही. "मला तुझ्या आजोळी घेऊन चल. ती विहीर मोजायची आहे, आणि तिथल्या लोकांना विचारायचं आहे."

मामाला आधी कळवलं नव्हतं. मामा, मामी आणि शेजारचे म्हातारे तात्या विहिरीवर जमले. तात्यांनी त्यांच्या तरुणपणी ती खणताना घमेली वाहिलेली. तुम्ही वही काढलीत आणि विचारलंत, "तुम्ही हिला काय म्हणता?"

मामी हसल्या. "काय म्हनायचं? इहीर म्हनतो."

मामा म्हणाला, "खालची इहीर म्हण की."

"खालची कशी? खालची पवारांची," मामी म्हणाल्या. "विहाराजवळची म्हणा."

"तवा विहार कुठं व्हता?" तात्यांनी काठी आपटली. "आमी धम्म घेतला आन् पुढच्या उन्हाळ्यात ही खणली. समद्या घरांनी दिवस वाटून घेतलं व्हतं. पाणी लागलं तवा आमी म्हनलो, नवी इहीर. तवापासनं नवीच."

"चाळीस वर्षं झाली की, तात्या," मामा म्हणाला.

"झाली असतील. आमाला नवीच हाय."

तुम्ही लिहून घेतलंत. मग दोरी सोडलीत, काठावर पालथे पडून. मामीनं कळशीतनं पाणी आणलं. तुम्ही तांब्या घेतलात तो दोरीच्या ओल्या खुणेवरची नजर न काढता, पाणी प्यायलात, तांब्या परत दिलात आणि तात्यांना विचारलंत, "ही तर कॅनॉलच्या वरच्या अंगाला. उन्हाळ्यात आटते?" मी तिकडंच बघत होते. तुम्ही ते पाणी कुणाला दाखवायला प्यायला असतात तर मला कळलं असतं. तुम्हाला तहान लागली होती, इतकंच.

परतीच्या वाटेवर फाट्यावर गाडीची वाट बघताना तुम्ही बोललात. "कार्डावर ते नाव लिहिताना माझा हात थांबला नाही. थांबायला पाहिजे होता. साठी उलटली, तरी थांबला नाही."

आणि मी काय म्हणाले? "सर, गाडी आली." एवढंच. गाडी खरंच आली होती. पण गाडीत तासभर आपण शेजारी बसलो होतो आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनातला राग गेला होता, सर. तो कुठं उतरला तेसुद्धा मला सांगता आलं असतं.

नावाचा वाद मात्र संपला नाही. नवी विहीर हे नाव लागलं, त्यावर दोघांचं एकमत. पण तुमचं म्हणणं, नावानं शोधायच्या चौकटीत कुणी जुनं नाव घातलं तर त्याला गुपचूप नव्या विहिरीच्या पानावर पोचवायचं. जुनं नाव पडद्यावर कुठंच दिसणार नाही, फक्त वाट राहील. नाहीतर तो माणूस त्याच विहिरीची दुसऱ्या नावानं वेगळी नोंद करील आणि सगळा हिशोब चुकेल. माझं म्हणणं, ज्याच्या तोंडात ते नाव आहे त्याला मी वाट का करून देऊ? अडू दे त्याला.

तुमचा शेवटचा फोन तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आला. पण तुम्हाला बोलायचं होतं दुसरंच. मामाचं कार्ड आलं होतं. "सुजाता, नव्या विहिरीचं पाणी चढलंय. वरच्या अंगाला असून! पाणी चढाला जातं का? मग आलं कुठनं? मागं एखादा जुना पाझर तलाव आहे का, मामाला विचार. नाहीतर मीच सोमवारी जातो." तुमचा श्वास लागत होता. मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखे जिना चढून आलाय. शेवटी म्हणालात, "आणि त्या वाटेचं काय ठरवलंस?"

मी म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दाढी करता करता तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत. काकूंचा निरोप आला तेव्हा मी तुमच्या सांगण्यावरनं एक शब्द बदलत होते.

तुम्ही गेल्यावर सगळ्या बाजूंनी घाई झाली. संस्थेच्या प्रमुखांची अट तुम्हाला ठाऊक होती. बाहेरच्या पाच माणसांनी कुणी न सांगता आपली विहीर शोधून नोंद केली तर संस्थेची इंटरनेटची फोनलाइन आपल्या कामाला, नाहीतर ती टायपिंग वर्गाच्या ऑफिसला. तारीख दहा दिवसांवर होती. मी तात्यांकडं गेले. तुमचं म्हणणं, माझं म्हणणं, दोन्ही जसंच्या तसं सांगितलं. तात्यांना इंटरनेट कळलं नसेल, पण प्रश्न लगेच कळला.

"त्यो माणूस जुनं नाव घिऊन आला, तर तुमची मशीन त्याला कुठं नेती?"

"नव्या विहिरीच्या पानावर."

"तितं काय लिवलंय?"

"नवी विहीर. धम्म घेतल्यावर पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या सगळ्या घरांनी मिळून खणली."

तात्यांनी काठी भिंतीला टेकवली. "मग येऊ दे की त्याला. वाचंल तरी."

मी ती वाट ठेवली, सर. तुमच्यासाठी नाही, तात्यांसाठी ठेवली. तुम्हाला हेच जास्त आवडलं असतं.

त्या दिवशी पाच जण आले. हिराबाईंना मी पिंपळीला जाऊन घेऊन आले. माउस त्यांनी आधी चिमटीत धरला. निळ्या रेघेच्या खालचं बटण दाबलं, पूल निवडला, चिंच निवडली आणि पडद्यावर आपल्या विहिरीचं पान आलं तशा मागं वळून सगळ्यांना म्हणाल्या, "हाय की हितं!" पाचवा माणूस दोन वेळा चुकला, दोन्ही वेळा मागं आला आणि पोचला. लाइन आपल्याला मिळाली. तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. ती रिकामी ठेवा असंही कुणी म्हणालं नव्हतं.

पाणी चढाला कसं गेलं, ते अजून कळलेलं नाही. जुना तलाव मामाला माहीत नाही, तात्या म्हणतात होता. दर रविवारी मोजणं चालू आहे.

मागच्या आठवड्यात इंदापूरला काकूंकडं गेले होते. बोलता बोलता मी म्हणाले, डाळजच्या बाजूची एकही नवी नोंद नाही, वाट तयार आहे आणि त्यावर कुणी चालत नाही. काकू म्हणाल्या, "का? आपली इहीर हाय की डाळजला."

तुम्ही डाळजचे, हे माहीत होतं. विहिरीचं कधी बोलला नव्हता.

"धरणात गेली. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठ उघडा पडतो. हे दरसाल जायचे एकटेच. मला म्हनायचे, चिखल हाय, तू नको येऊ."

मग आम्ही दोघी गेलो. भिगवणच्या अलीकडं उतरलो, गावातनं चालत पाण्याच्या दिशेनं. सुकलेल्या गाळाला भेगा पडलेल्या, त्यात शिंपले. काकू माझ्या पुढं झपाझप चालत होत्या, आणि त्या पाण्याखालच्या गावाच्या गल्ल्या त्यांना पाठ असाव्यात असं वळत होत्या. एका जागी थांबल्या. दगडाचं गोल कडं, एका बाजूला ढासळलेलं, आत हिरवट पाणी. पलीकडं दीडशे पावलांवर धरणाचं पाणी चकाकत होतं.

"सरांची विहीर," मी म्हणाले.

"त्यांची कशानं?" काकू म्हणाल्या. "पाणी वडलं मी. लगीन होऊन आले तवापासनं, धरण येईपातूर. हे शाळंत असायचे."

माझ्या हातातली दोरी त्यांनी घेतली. कड्याजवळ बसल्या, नट आत सोडला, दोरी सैल पडल्याबरोबर थांबल्या, बोटानं खूण धरली आणि गाठी मोजल्या. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. मी वहीत लिहून घेतलं. गाव, तारीख, काठापासून पाणी. शेवटचा रकाना होता मोजणाऱ्याच्या नावाचा. तिथं माझं पेन थांबलं. दोन वर्षं तुमच्या घरी जेवले, चहा प्यायले, आणि मला ते नाव माहीत नव्हतं. तुम्ही नेहमी 'अगं ए' म्हणायचात.

"काकू, नाव काय लिहू?"

त्यांनी ओली दोरी पदराला पुसली. मग ती गुंडाळून माझ्याकडं दिली.

"सिंधू लिही," त्या म्हणाल्या. "सिंधू घोडके. न्हाय, थांब. नुसतं सिंधू लिही."